प्रफुल पेंटरची एकसष्टावी भिंत

भिंतीसमोर असला तरच प्रफुल पेंटर एका जागी टिकायचा. एरवी पाय भाजल्यासारखा हिंडत राहायचा. हा काही त्याचा मूळचा स्वभाव नव्हे. वर्ध्याजवळच्या सेलूत त्याला लहानपणापासून पाहिलेले लोक सांगतील, पोरगा इतका शांत की गल्ल्यावर बसवला तर गिऱ्हाइकाला वाटावं, मालकाचा डोळा लागला आहे. पण दोन हजार एक सालच्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला जे काही झालं, त्यानं तो चहा अर्धा टाकून उठू लागला, बोलणारा माणूस बोलत असताना लुना चालू करू लागला, आणि कुठं चाललास असं विचारलं तर त्यालाच सांगता येईना.

त्याचे वडील नानाजी, त्यांचं बाजारात किराण्याचं दुकान. घर मागं, दुकान पुढं. धाकटा मुलगा म्हणून प्रफुलकडून त्यांची फार अपेक्षा नव्हती. थोरला भूपेंद्र तराजू चांगला सांभाळायचा, आणि धाकट्याला एकदा डब्यावर 'हळद' लिहायला सांगितलं तर त्यानं अख्खी दुपार त्यात घातली. तेवढ्यात हळद घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. मग नानाजींनीच कपाळाला हात लावून त्याला नागपूरला एका बॅनरवाल्याकडे शिकायला धाडलं. तीन वर्षांनी तो परत आला ते उत्तम अक्षर घेऊन. 'प्रफुल आर्ट, सेलू' अशी पाटी लागली. नव्व्याण्णवला हिंगणघाटची रक्षा त्याच्या घरी आली, आणि पुढच्या वर्षी गुंजन झाली. सगळं कसं रांगेत चाललं होतं.

दोन हजार एकला जिकडं तिकडं एड्सचा प्रचार सुरू होता. रेडिओ दोन गाण्यांच्या मधे तेच सांगायचा. बाजाराच्या दिवशी भोंगा लावलेली जीप यायची आणि कांदे विकणाऱ्या बायांना 'एकनिष्ठ राहा' असं बजावून जायची. एस.टी.च्या थांब्यावर पोस्टरं होतीच. पण पोस्टर बकऱ्या खातात आणि जीप निघून जाते, म्हणून वर्ध्याच्या एका संस्थेनं गावोगाव भिंती रंगवायचं ठरवलं. साठ गावांचं काम प्रफुलला मिळालं. मजकूर ठरलेला: 'जोडीदाराशी एकनिष्ठ राहा, एड्सपासून वाचा.' बाजूला लाल फीत. खाली काही नाही. भिंत रस्त्यावरची हवी, आणि पुरावा म्हणून फोटो हवा.

काम सुरू करण्याआधी संस्थेच्या ताराचंद सरांनी सगळ्या पेंटरांना वर्ध्याला एक दिवस बोलावलं. नुसतं रंगवू नका, लोक विचारतील, तुम्हाला माहिती पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माणूस सरळ होता, लाजत नव्हता.

"दिसाले आदमी धडधाकट," ताराचंद सर म्हणाले. "पाच वर्ष, धा वर्ष काईच नाई दिसत. त्यालेही मालूम नसते. आन् तो घरी येते. बायकोले देते. बायको लेकराले पाजते, तं लेकरालेही लागू शकते."

बाकीचे पेंटर भजी खात होते. प्रफुलच्या हातातला चहा तसाच गार झाला.

कारण नागपूरला बॅनरवाल्याकडे असताना तो बरोबरच्या कामगारांसोबत धंदेवाल्या बायांच्या गल्लीत गेला होता. दोनदा. पहिल्यांदा सगळे गेले म्हणून, आणि दुसऱ्यांदा का गेला ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. परत आल्यावर ती गोष्ट त्यानं अशी मागं टाकली की लग्नाच्या वेळी मनातसुद्धा आली नाही. आता ती आली ती गेलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी दुकानामागच्या पोत्यांच्या काट्यावर स्वतःला तोलू लागला. मानेखाली गाठ लागते का ते चाचपू लागला. पायाला रंगाच्या डब्याचा पत्रा लागून जखम झाली, तर ती भरते का नाही हे दिवसातून दहा वेळा पाहू लागला. पाच दिवसांत ती भरली, तरी त्याचं समाधान होईना. आणि रक्षाजवळ जाणं त्यानं बंद केलं. रंगाच्या वासानं डोकं दुखते, हवेशीर बरं वाटते, असं काहीबाही सांगून तो दुकानात पोत्यांजवळ अंथरूण टाकू लागला. एकदा आईला म्हणाला, "गुंजनले आता वरचं दूध देत जा ना." आई म्हणाली, "काऊन? मायचं हाय ना चांगलं." रक्षालाही म्हणून पाहिलं, की महिनाभर माहेरी जाऊन ये. ती म्हणाली, "मी कायले जाऊ?"

वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी होते, फुकट होते, नाव कुणाला सांगत नाहीत, हे सगळं ताराचंद सरांनी फळ्यावर लिहून दाखवलं होतं. प्रफुल तीनदा वर्ध्याला गेला आणि तीनदा दवाखान्यासमोरून लुना तशीच पुढं नेली. तिथं सेलूचं कोणी भेटलं तर? नानाजींच्या दुकानातली साखर मग कोण घेईल? शिवाय जोवर कळलं नाही तोवर नाही, अशीही एक पळवाट त्याच्या मनानं काढून ठेवली होती. भित्रा होता तो. दुसरा शब्द शोधायचं कारण नाही.

दिवाळी झाली, भिंती वाळल्या, आणि असा हा माणूस गावोगाव एकनिष्ठेचे धडे रंगवत निघाला.

गावांत मजा असायची. निळीत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणून झटकला की सरळ रेघ उमटते, ती पाहायला अर्धं गाव जमायचं. अक्षरं उमटू लागली की वाचणारे पुढं व्हायचे.

"हे एकनिष्ठ कोन्या पार्टीचं हाय?" एकानं विचारलं.

"पार्टीचं नाई, बिमारीचं हाय."

"मंग इलेक्शन कवा हाय?"

बाया लांबून वाचून पदर तोंडाला लावायच्या. पुरुष आपल्याशी काही संबंध नसल्यासारखे फितीच्या लाल रंगाची चौकशी करायचे. प्रफुल ताराचंद सरांचे शब्द जसेच्या तसे म्हणायचा. फोटो काढून लुना चालू. दिवसाला दोन गावं, कधी तीन. ताराचंद सर म्हणाले, एवढं झपाट्यानं काम कोणीच करत नाही. त्यांना काय माहीत.

घाईत काम करणाऱ्या पेंटरची एक खोड असते. ताजा चुना मारलेली भिंत दिसली की तो तिथंच थांबतो, कारण खालचा पांढरा हात वाचतो. एक्केचाळिसावं गाव केळझरच्या पलीकडे, आत फाट्यावर. तिथं रस्त्याच्या कडेलाच एका घराची भिंत दुधासारखी पांढरी दिसली. घर बंडूजी उरकुडे यांचं. खाऊनपिऊन सुखी शेतकरी, दोन बैलजोड्या, दारात तुळस. बायको देवकाबाई कापूस वेचायला गेली होती. चुना मारला होता तो मुलीच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी. मोहिनी दहावी झालेली, हिंगणीकडचं स्थळ ठरलं होतं, आठ दिवसांनी पाहुणे येणार होते.

प्रफुलनं विचारलं तर बंडूजी खूष.

"लिव्हा ना बाप्पा, लिव्हा! गावात एवढ्या भिती, आन् सरकारनं आमची पसंत केली. पन एक काम करा. खाली माह्यं नाव टाका. देवळाच्या पायरीवर देनगीवाल्यायचे नाव राह्यते ना, तसं."

इथं प्रफुलनं नाही म्हणायला हवं होतं. खाली काही नाही, असं ठरलेलं होतं. पण बंडूजींनी चहा आणला होता, सोबत चिवडा आणला होता, आणि प्रफुलला तिथून निघायची घाई होती. जिथं जाईल तिथून त्याला निघायचीच घाई असायची. त्यानं 'एड्सपासून वाचा' याच्या खाली, त्याच लाल रंगात, चांगली वेलबुट्टी काढून 'बंडूजी उरकुडे' असं लिहिलं. बंडूजी टोपी सारखी करून भिंतीशी उभे राहिले. फोटो निघाला.

आता हे समजून घ्यायला हवं की त्या गावात सरकारी माणूस घराच्या भिंतीवर जे लिहितो, ते त्या घराबद्दल असतं. मलेरियावाला गेरूनं तारीख टाकतो, ती त्या घरातल्या फवारणीची. पोलिओवाल्या बाया दारावर खूण करतात, ती त्या घरातल्या लेकरांची. म्हाताऱ्या माणसांना महारोगाच्या तपासणीचे दिवस आठवतात, तेव्हाही कोणत्या घरी काय आहे ते असंच कळायचं. आणि इथं तर रोगाच्या खाली घरमालकाचं नाव, तेही ठळक.

त्यानंतरच्या दुसऱ्या बाजाराच्या दिवशी देवकाबाई सेलूला नानाजींच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, पायात धूळ. प्रफुल ब्रश धूत होता.

"पेंटरबावा, तुम्हीच का? आमच्या भितीवर लिवलं ते?"

"हाव, माय. काय झालं?"

"काय झालं म्हंता!" आणि मग तिनं बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं. पाहुणे जीपनं आले. व्याही खाली उतरला, भिंत वाचली, मालकाचं नाव वाचलं, पुन्हा वर वाचलं. कोणी चपला काढल्या नाहीत. समोर पाणी ठेवलं तर कोणी हात लावला नाही. घरी काम निघालं म्हणाले आणि तसेच निघून गेले. वडे तळून झाले होते, बुंदी झाली होती. दुसऱ्या दिवशी निरोप आला: अख्ख्या घराची रक्ताची तपासणी करा, मंग बोलू. तेव्हापासून वेचणीच्या बाया जेवायला तिच्यापासून लांब बसत होत्या. चक्कीवाला तिचं दळण सगळ्यांच्या शेवटी घेत होता, आणि घेतल्यावर फडक्यानं हात पुसत होता.

"माह्या पोरीचं काय करता आता, सांगा!" देवकाबाई म्हणाली आणि दुकानाच्या पायरीवर बसून रडली.

नानाजी आतून पाहत होते. रक्षा दाराआड उभी होती. प्रफुलनं चुन्याचा डबा उचलला, लुनाला बांधला आणि निघाला. मनात एकच, भिंत पांढरी करायची, विषय संपवायचा.

पण गावात बंडूजी भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"पुसू नोका. पुसलं तं लोक म्हनतीन, लपवून राह्यला. होतं म्हनूनच पुसलं."

बोलणं पारावर गेलं. प्रफुलनं जमलेल्यांना सांगितलं की हा मजकूर सगळ्यांसाठी आहे, साठ गावांत हाच आहे, भिंतीच्या मालकाशी त्याचा काही संबंध नाही, नाव देणगीदारासारखं टाकलं, चूक माझी. लोक ऐकून घेत होते, माना हलवत होते आणि एक शब्द मानत नव्हते. शेवटी तानाबाई नावाची म्हातारी, जिच्यापुढं पोलीस पाटीलही आवाज चढवत नसे, ती काठी टेकत पुढं आली.

"सगळ्यायसाठी हाय म्हंतं ना रे बावा. मंग तुह्या घरावर हाय का?"

प्रफुलनं चुन्याचा डबा खाली ठेवला.

"नाई ना? मंग काऊन नाई?"

त्याच वेळी मागून मोहिनी बोलली. मुलीनं पारावर बोलायची रीत नव्हती, पण तिचं आधीच पुरेसं नुकसान झालं होतं, तेव्हा ती कोणाची भीड धरणार? "बाबा, त्यायले निरोप धाडा. आमची तपासनी करतो, पन पोराची बी करा. लिहिलं तं जोडीदाराचं हाय. जोडीदार का एकटा राह्यते?"

बंडूजींनी तिला गप्प बस म्हटलं. बायांमध्ये कुजबुज झाली. प्रफुलच्या कानशिलांत मात्र रक्त चढलं. त्या पोरानं काय केलं होतं कोण जाणे, कदाचित काहीच नाही. पण ही अठरा वर्षांची मुलगी जे उघडपणे मागत होती, ते रक्षानं कधी मागितलंच नव्हतं, कारण मागायला हवं हे तिला कळूच दिलेलं नव्हतं.

"पुढच्या बाजाराले सेलूले या," तो एकदम म्हणाला. "माह्या घरावर राहीन. माह्या नावासकट. तुमचे पाहुणे बी बाजाराले सेलूलेच येतात ना? त्यायले दाखवा."

बोलून तर बसला. परतीच्या वाटेवर लुना दोनदा रस्ता सोडून बाजूला गेली.

नानाजींनी ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातलं माप खाली पडलं.

"दुकानावर एड्स? अरे, मिरची-हळद घेईन का कोनी आपल्या इथून? भूपेंद्र, तू सांग ह्याले!"

भूपेंद्रनं सांगितलं, आईनंही सांगितलं. प्रफुलनं कोणाशी वाद घातला नाही. त्यानं दुकानाशेजारची भिंत खरवडली, चुना दिला, तो वाळू दिला. दुपारी दोरा झटकला. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. एवढी गावं केली तरी इतकं सुबक कुठंच जमलं नव्हतं. खाली 'प्रफुल' लिहिलं. पुढचं आडनाव लिहायला हात उचलला आणि तो तसाच राहिला.

रक्षा केव्हा बाहेर आली ते त्याला कळलं नाही. कडेवर गुंजन होती. तिनं भिंत वाचली, सावकाश, शाळेत वाचतात तशी.

"जोडीदाराशी एकनिष्ठ राहा," ती म्हणाली. "कोन हाय ते?"

"कोन?"

"जिच्यासाठी चार महिन्यांपासून दुकानात झोपता. जिच्यासाठी मले माहेरी पाठवून राह्यलते. केळझरकडची हाय, का वर्ध्याची? रोज लुना घेऊन जाता ते मले दिसत नाई काय?"

प्रफुल तिला वाचवतो आहे असं समजून चार महिने लांब राहिला होता, आणि ती चार महिने त्याच्या दुसऱ्या बाईचं तोंड मनात रंगवत बसली होती. कपाळ फुटावं तसं त्याला झालं. हातात ब्रश, ब्रशमधून लाल रंग गळतोय, रस्त्यावरून माणसं चाललीत, आणि तिथंच उभ्या उभ्या, हलक्या आवाजात, त्यानं तिला सांगून टाकलं. नागपूर. दोनदा. लग्नाच्या आधी. ताराचंद सर काय म्हणाले ते. काटा, गाठी, सगळं.

रक्षानं ऐकलं. गुंजनला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि आत गेली. प्रफुलनं आडनाव पुरं केलं. ते थोडं वाकडं आलं, आजही आहे.

त्या संध्याकाळी गुंजन दुधासाठी रडू लागली आणि रक्षानं तिला घेतलं नाही. वाटीत वरचं दूध आणलं. गुंजन वाटी हातानं उडवून द्यायची आणि आईच्या पदराला झोंबायची. सासू म्हणाली, "काऊन गं, आंगावरचं दे ना." रक्षा भिंतीकडे तोंड करून बसली. दूध साठून तिची छाती दगडासारखी झाली होती, कापड बांधून ती बसली होती. प्रफुलनं हे पाहिलं. याच्यापुढं आपला काटा, आपल्या गाठी काहीच नाहीत, हेही त्याला दिसलं.

सकाळी ती तयार होऊन उभी होती. "वर्ध्याची गाडी किती वाजताची हाय?"

दवाखान्यात एका बाईंनी दोघांना वेगवेगळं बसवून समजावलं, नावाऐवजी नंबर दिला, तिघांचं रक्त घेतलं. आठवड्यानं या म्हणाल्या.

तो आठवडा प्रफुलनं कसा काढला ते विचारू नये. उरलेली सगळी गावं त्यानं त्यात संपवली. एकदा एका भिंतीवर तीच ओळ दोनदा लिहून ठेवली आणि गावकऱ्यांनी सांगेपर्यंत त्याला कळलं नाही. रक्षा स्वयंपाक करायची, वाढायची, लागेल तेवढंच बोलायची. रागावली असती, भांडी आपटली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मधे बाजाराचा दिवस आला. बंडूजी आले, देवकाबाई आली, तानाबाईसुद्धा बैलगाडीत बसून आली. हिंगणीकडचा व्याही नानाजींचंच गिऱ्हाईक निघाला. तो दुकानाशी येऊन थबकला, भिंत वाचली, नाव वाचलं आणि नानाजींकडे असं पाहू लागला की आता याला काय म्हणावं. नानाजी आठवडाभर मुलाशी बोलले नव्हते. पण गिऱ्हाईक दारातून परत जाताना पाहणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"पाहून काय राह्यले?" ते म्हणाले. "सरकारी हाय ते, सगळ्यायसाठी हाय. माह्या पोरानं लिवलं, माह्या भितीवर. बसा. पानी घ्या."

व्याही बसला. सगळा बाजार पाहत होता, आणि त्या पाण्याला नाही म्हणण्याइतका तो वाईट माणूस नव्हता. तो पाणी प्यायला. मग बंडूजी पुढं झाले, मग देवकाबाई, आणि बोलणी पुन्हा सुरू झाली. पौषाच्या आत साक्षगंध झालं. मोहिनीनं मागितलेली तपासणी मुलानं केली का, ते प्रफुलला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं ती मागितली होती, हे मात्र पंचक्रोशीत माहीत झालं, आणि त्यानंतर दोन-तीन घरांतल्या मुलींनीही मागितली म्हणतात.

आठवड्यानं ते वर्ध्याला गेले. बाईंनी आधी प्रफुलला आत बोलावलं, मग रक्षाला, मग दोघांना. तिघांच्याही रक्तात काही नव्हतं.

बाहेर आल्यावर प्रफुल व्हरांड्यात खांबाला धरून रडला. नंतर हसला. गुंजनला उचलून त्यानं तिच्या पोटात तोंड खुपसलं. स्टँडवर तिला लाल फुगा घेतला, रक्षासाठी मोसंबी घेतली, आणि सेलूच्या गाडीत खिडकीची जागा पकडून दिली. चार महिन्यांत पहिल्यांदा तो पाय न हलवता बसला. आता सगळं संपलं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"सुटलो, नाई का," तो म्हणाला.

रक्षानं मोसंबी सोलली नाहीत. पिशवी पायाशी ठेवली.

"तुम्ही सुटले," ती म्हणाली. "बिमारी नाई हे बरं झालं. पोरीसाठी देवाचे आभार. नागपूरचं तुम्ही लग्नाआधी केलं, तेव्हा मी नव्हते, त्याचं मी काय म्हनू. पन ते सर बोलले तेव्हापासून तुमाले मालूम होतं. चार महिने. आन् मी तुमच्यासमोर बसून पोरीले पाजत होते. रोज. तुम्ही पाहून राह्यलते."

प्रफुलचा चेहरा उतरला.

"मी आईले म्हनलो होतो, वरचं दूध..."

"आईले म्हनले. साठ गावात भितीवर लिवलं. रस्त्यानं जानाऱ्या-येनाऱ्याले समजावून सांगतलं. त्या देवकाबाईच्या पोरीसाठी घरावर नाव लिवलं. मले काऊन नाई सांगतलं?"

पुढच्या बाकावरचा माणूस वळून पाहू लागला. रक्षानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. गाडी पवनारच्या पुलावर आली होती, खाली धाम नदीचं पाणी दिसत होतं. प्रफुलनं भीती, नानाजी, दुकान, लोक असं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण ते सगळं खरं असलं तरी तिनं विचारलेल्याचं उत्तर नव्हतं.

"मले भेव लागलं," तो शेवटी म्हणाला. "तू जाशीन म्हनून. पोरीपरीस मले माह्यीच फिकर जास्त होती."

रक्षानं गुंजनला त्याच्या मांडीवर दिलं.

"मंग हे सांगाचं होतं," ती म्हणाली. "सांगा आता. पयल्यापासून. भितीवरच्यासारखं नका सांगू."

सेलू यायला अजून वेळ होता. फुगा काचेवर आपटत होता. प्रफुलला कुठून सुरू करावं ते कळेना, आणि तरी तो सांगू लागला.